डेबियनची डीव्हीडी विकत आणली, अस्सल आहे का कसं तपासू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. शाळेच्या लॅबमध्ये आठ जुने ३२-बिट पीसी आहेत आणि नेट नावालाच. म्हणून एका विक्रेत्याकडून डेबियन १२ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची डीव्हीडी कुरिअरने मागवली (१३ मध्ये ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही). पैसे घेतले याची तक्रार नाही, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याला ते चालतं. डेबियन स्वतः डिस्क विकतही नाही. पण चकतीवर मार्करने नुसतं 'लिनक्स' खरडलंय आणि तीन मशीनवर लावून पाहिली, तिन्हीकडे इन्स्टॉल मध्येच अडकतं. अधिकृत चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे ताडायचा आकडा) मोबाइलवर घेतलाय, पण तो आयएसओ फाइलचा (म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या फाइलचा). डिस्कवरून तो ताडायचा कसा? राइट करताना शेवटी जादा शून्यं भरली गेली असतील तर जुळेल का? आणि जीपीएलनुसार मिळणारा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) विक्रेत्याकडेच मागायचा ना?