यंदाचा योम किप्पुर: सिनेगॉगचं दार उघडावं का?

ठाणेकर (२२ सप्टेंबर २०२०)

आपला, ज्यूंचा, नववर्षाचा सण रोश हशाना घरातच गेला. चिकाचा हलवा झाला, किद्दूशच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुकांचं सरबत झालं, पण शोफार (फुंकायचं शिंग) कानावर पडला नाही. आता रविवारी संध्याकाळपासून योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा उपास. आपल्या मुंबई-ठाण्याच्या ग्रुपवर आग्रह चाललाय, की निदान दहा पुरुष जमवून मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारा दहाजणांचा गट) करू, सिनेगॉगचं, म्हणजे आपल्या प्रार्थनाघराचं, दार आतून लावून घेऊ, कोणाला कळणार नाही. माझा याला विरोध आहे.

कोरोनामुळे राज्यातली सगळीच प्रार्थनास्थळं मार्चपासून बंद आहेत. गेल्या आठवड्यात दिवसाला वीस हजारांवर नवे रुग्ण निघत होते. आपल्यात साठीच्या पुढचे किती आहेत, हे कुठल्याही शनिवारी बाकांवर नजर टाकली तरी कळायचं. योम किप्पुर म्हणजे उपाशीपोटी दिवसभर बंद जागेत बसणं, तेही मोठ्याने म्हणत-गात. आणि नंतर हातबोशी. थोरांचे हात हातात घ्यायचे आणि तीच बोटं आपल्या ओठांना लावायची. सवय इतकी अंगात मुरलीय की समोर आजोबा दिसले की हात आपोआप पुढे जाणार.

कोकणातल्या आपल्या पूर्वजांकडे सिनेगॉग नव्हतं. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिलं बांधलं ते १७९६ साली. त्याआधीचे शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले पूर्वज, दारफळणीचा सण (हाच योम किप्पुर) घरातच पाळत. पांढरे कपडे, कडक उपास, दार बंद, बाहेरच्याशी बोलायचं नाही की कोणाला शिवायचं नाही. आपण तेवढं एक वर्ष करू शकत नाही?

भायखळेकर

पूर्वजांचा दाखला तुम्ही अर्धाच दिलात. त्यांच्याकडे सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) नव्हतं, प्रार्थना चालवणारा हझान नव्हता, म्हणून ते घरात बसत. ते मिळाल्यावर त्यांनी काय केलं? रेवदंडा, पनवेल, पेण, अलिबाग, जिथे चार घरं तिथे सिनेगॉग उभं केलं. ऐपत नसताना केलं.

माझे वडील मे महिन्यात गेले. दफनाला मोजकी माणसं होती. तेव्हापासून आजपर्यंत मला त्यांच्यासाठी कद्दीश (गेलेल्यांसाठीची प्रार्थना) म्हणता आलेलं नाही, कारण दहाजण एका जागी असल्याशिवाय ते म्हणता येत नाही. अकरा महिने मुलाने म्हणायचं असतं, त्यातले चार गेले. ते मला कोण परत देणार?

चोरून करणं मलाही पटत नाही. पण मॉल ५ ऑगस्टला उघडले. लग्नाला पन्नास माणसं चालतात. पर्युषणासाठी जैन बांधव सुप्रीम कोर्टात गेले आणि दादर, भायखळा, चेंबूरच्या मंदिरांत दोन दिवस पाच-पाच जणांना जाऊ दिलं गेलं. केंद्राने कालपासून शंभर माणसांपर्यंतच्या धार्मिक कार्यक्रमांना मोकळीक दिली, राज्याने नाही दिली. आम्ही मागतोय ते उघड्या आवारात दहाजण, मास्क लावून. हे मागायलाही आपण घाबरायचं?

पनवेलचा डॉक्टर

मी ज्यू नाही, पण शेजार जुना आहे, म्हणून लिहितो. खरा धोका बंद जागेतल्या गाण्याचा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण होते, ५३ आजारी पडले, दोघे वारले. उघड्यावर, सहा फुटांवर, मास्क लावून हळू आवाजात म्हटलं तर धोका बराच उतरतो, संपत नाही. शोफारच्या रुंद तोंडावर मास्क बांधा. आणि मधुमेहवाल्यांनो, उपासाआधी डॉक्टरांना विचारा. यंदा हॉस्पिटलात खाट मिळेलच असं नाही.

अश्दोदहून (इस्रायल)

भायखळेकर भाऊ, तुमचं दुःख समजतं. इथलं सांगते. शुक्रवारी दुपारपासून दुसरा लॉकडाऊन लागला, रोश हशानाच्या तोंडावर. आमच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या लांब लांब टाकून प्रार्थना झाली. पहिला दिवस शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा शनिवार, म्हणून शोफार नाही. रविवारी खाली फुंकला तेव्हा गॅलऱ्यांत म्हाताऱ्या बायका पांढऱ्या ओढण्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना घराबाहेर पडावं लागलं नाही. उघड्यावर प्रार्थना होऊ शकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पण ठाणेकरांचं एक शंभर टक्के खरं. जीव वाचवायला शब्बाथ मोडतो, योम किप्पुरही मोडतो. १८३१ च्या कॉलऱ्यात पोझनानचे धर्मगुरू रब्बी अकिवा एगरांनी लोकांना एकत्र गर्दी करू दिली नाही, पंधरा-पंधराच्या गटांनी प्रार्थना करायला सांगितलं. बंदही केलं नाही आणि गर्दीही नाही.

अलिबाग

तुम्हा शहरवाल्यांचं दहावर भांडण आहे. आमच्याकडे दहा होतात तेच मुंबईहून माणसं आली तर. लोकल सामान्यांना बंद, म्हणजे एका गाडीत पाच-सहाजण काचा लावून तीन तास येणार. सणाच्या दिवशी गाडीत बसायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी येणार, आमच्याच घरात झोपणार, उपास सोडून जेवून जाणार. आवारात सहा फूट अंतर ठेवलंत, घरातल्या एका पडवीत कुठून ठेवणार? माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. मी यंदा कोणालाही बोलावणार नाही.

पुणेकर

कोल निद्रे, योम किप्पुरची पहिली प्रार्थना, सूर्य मावळायच्या आधीच सुरू होतं ना? रविवारी सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास आहे. सहाला व्हिडिओवर सगळ्यांनी एकत्र म्हणावं, मग फोन बंद करून प्रत्येकाने घरी पुढची प्रार्थना करावी. एकट्या राहणाऱ्यांना निदान ओळखीचे आवाज ऐकू येतील.

भायखळेकर

एकट्यांसाठी करा, जरूर करा. पण त्याला मिन्यान म्हणू नका. पडद्यावरचे दहा धरायचे नाहीत, शोफारही फोनवरून ऐकलेला चालत नाही. इस्रायलमध्ये सेफार्दी परंपरेच्या काही रब्बींनी पेसाह सणाच्या सेदेर भोजनाला म्हाताऱ्यांसाठी व्हिडिओची मुभा दिली, तर मुख्य रब्बींनी तिला विरोध केला. एकदा सोय म्हणून सुरू झालं की पुढच्या वर्षी माणसं पायऱ्या चढणार नाहीत. आपण भारतात उरलोत काही हजार. एक मिन्यान मोडलं की ते परत उभं राहत नाही, कोकणातली कुलूप लागलेली सिनेगॉगं जाऊन बघा.

ठाणेकर

मिन्यान माणसांचंच असतं, भाऊ. माणसं राहिली तर पुढच्या वर्षी दहा मिळतील. अलिबागकरांनी लिहिलं त्याला तुमच्याकडे उत्तर आहे का? मला तरी सुचत नाही.

रीतसर परवानगीला माझा विरोध नाही. अर्ज करा, मी सही करतो. आवारात, चालत येता येईल अशाच दहाजणांनी, पासष्टीच्या आतल्यांनी, सेफेरला ओठ न लावता, हातबोशी न करता, आणि प्रार्थना निम्मी घरून म्हणून यायची. त्या दहांत पहिलं नाव तुमचं घाला, कद्दीश तुमचं राहिलंय. परवानगी आली नाही तर मात्र कुलूप काढायचं नाही, आतून कडी लावूनही नाही.

भायखळेकर

अर्ज उद्या सकाळी वॉर्ड ऑफिसला आणि पोलीस स्टेशनला देतो. पासष्टीची अट मला मान्य नाही. आमचे हझानच अडुसष्टचे आहेत, त्यांच्याशिवाय नेइला, योम किप्पुरची शेवटची प्रार्थना, कोण म्हणणार ते सांगा.