देवाजी तोफांना 'नुसता चेहरा' म्हणणाऱ्यांना उत्तर

रानपाखरू: गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव आणि तिथल्या ग्रामसभेचे पुढारी देवाजी तोफा यांच्याबद्दल कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, 'मेंढा-लेखा हे बाहेरच्या कार्यकर्त्यांचं काम, देवाजी तोफा नुसता चेहरा. जंगल गावाच्या हाती दिलं तर उरणार नाही.' हे वाचून राहवलं नाही. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल सोबतीला होते, हे कुणी लपवलेलं नाही. पण 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा गाव जगलं. वनखात्याने घोटुल, म्हणजे गोंड तरुणांचं एकत्र जमण्याचं घर, पाडलं तेव्हा ते पुन्हा उभं करायला माणसं मुंबईहून आली नव्हती. घोटुल आणि जंगल या दोन गोष्टी नाहीतच, हे देवाजींना कुणी शिकवायची गरज नव्हती. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, तो त्या चिकाटीवर.

जुना_वनरक्षक: हक्क मिळाला, छान. वणव्यांचं काय? मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि डोंगर जळतो. मी तीस वर्षं हिरव्या डहाळ्यांनी आगी झोडपल्यात, हातावर डाग आहेत. शिव्या मात्र खात्यालाच.

बांबूवाला: शिव्या का, ते ऐका. हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतूक पास खात्याचाच लागायचा. ते पास देण्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं, तेही तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा! आणि आमचा बांबू तर बांधावरचा, वडिलांनी लावलेला. एका कार्यालयात सात खेपा घातल्या. तोवर बांबू वाळून फुटला.

जुना_वनरक्षक: कायद्यात बांबू झाड होतं. मी कायदा लिहिला नाही.

गवताळ: बांबू गवतच आहे हो! १९२७ च्या कायद्यात झाड, २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातलं बाकीचं उत्पन्न. गवताला झाडातून काढायला २०१७ उजाडलं.

बांबूवाला: तेही जंगलाबाहेरच्या बांबूसाठी म्हणे. नव्वद वर्षं एका गवताने शेतकऱ्याला रडवलं!

धानोरेकरीण: बांबू पुरे! मूळ मुद्दा माणसाचा आहे. मी त्याच तालुक्यातली. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात; त्या सर्वसहमतीचा मला राग आहे, आमच्या गावात एकाच घराने तलावाचा गाळ दोन उन्हाळे अडवला. पण मेंढ्यात २०१३ मध्ये सगळ्यांनी आपली शेतजमीन ग्रामदानात दिली, म्हणजे मालकी गावाच्या नावे केली. माझे काका भावाला बांध सोडत नाहीत. लोकांकडून जमीन सोडवून घेणाऱ्याला चेहरा कसं म्हणता?

जुना_वनरक्षक: ताई, जमिनीचं मान्य. माझ्या भावाशी माझाच वाद चालू आहे. तोफांबद्दलचा शब्द मी वापरला नव्हता, आणि वापरणारही नाही. वणव्याचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

रानपाखरू: काका, ते ग्रामसभेत बसून विचारा. मी येतो सोबत.