४ किलोव्होल्टचा पल्स, मालिकेत चार मॉसफेट, आणि बहुतेक वेळा वरचाच जळतो

रसवाला_एमटेक:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.टेक. करतोय. प्रोजेक्ट उसाच्या रसावर आहे. रस न उकळता विजेच्या पल्सनी त्यातले जंतू मारायचे. स्टीलचे दोन सपाट इलेक्ट्रोड, मध्ये २ मिमी फट, क्षेत्रफळ १ चौरस सेंमी. सेंटिमीटरला २० किलोव्होल्ट हवेत, म्हणजे ४ किलोव्होल्ट. पल्स १ मायक्रोसेकंदाचा, सेकंदाला १००, चढण (शून्यावरून पूर्ण व्होल्टेजला पोहोचायचा वेळ) ३० नॅनोसेकंद. राजारामपुरीतल्या रसवंतीचा रस भरून एलसीआर मीटरवर १०० किलोहर्ट्झला मोजलं, तर सेलचा (इलेक्ट्रोड आणि मधला रस मिळून) रोध ६५ ओहम आला.

स्विचसाठी १२०० व्होल्टचे चार सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट (गेट आणि सोर्स या टोकांमध्ये व्होल्टेज दिलं की चालू होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) मालिकेत लावलेत. प्रत्येकाला टीएलपी२५० ऑप्टो (प्रकाशामार्फत गेटला सिग्नल देणारी चिप), १५ व्होल्टचा वेगळा आयसोलेटेड (बाकी सर्किटपासून विलग) सप्लाय मॉड्यूल आणि समांतर १ मेगओहम. सेल वर, स्विच खाली. १ किलोव्होल्टपर्यंत छान चालतं. २ च्या पुढे नेलं की एक उडतो आणि पाठोपाठ सगळे. बहुतेक वेळा सुरुवात सगळ्यात वरच्यापासून. गाइड म्हणतात पार्ट डुप्लिकेट असतील. तसं असेल का?

उद्यमनगर_पॅनल:
भावा, पार्टला बोल लावू नकोस. डुप्लिकेट असते तर बहुतेक वेळा वरचाच कशाला उडला असता? मी शिवाजी उद्यमनगरात स्पार्क इरोजनची आणि इंडक्शन फर्नेसची पॅनलं दुरुस्त करतो. मालिकेतले स्विच जळालेले लई बघितलेत. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच कारण असतं, सगळे एकाच क्षणी चालू होत नाहीत.

तुला चढण ३० नॅनोसेकंदांची पाहिजे आणि गेटला टीएलपी२५० लावलायस. त्याची डेटाशीट काढ. डिले ५०० नॅनोसेकंदांपर्यंत जाऊ शकतो असं लिहिलंय. चार ऑप्टोंत शंभरेक नॅनोसेकंदांचा फरक सहज पडतो. तीन चालू झाले आणि चौथा झोपलेला असला, की सगळे ४ किलोव्होल्ट त्या एकट्याच्या बोकांडी. तुझे १ मेगओहम पल्स नसताना व्होल्टेज वाटून देतात, त्या क्षणाला त्यांचा उपयोग शून्य.

पुढचं. तोच ऑप्टो मायक्रोसेकंदाला ५ किलोव्होल्ट एवढ्या उडीला टिकेल अशी हमी देतो. तुझ्याकडं जवळपास १३० ची उडी होते. गेट आपोआप फडफडणारच. आयसोलेशन २५०० व्होल्ट लिहिलंय ते एका मिनिटाच्या चाचणीचं, कायमच्या वापराचं नव्हे. आणि ते छोटे मॉड्यूल बहुतेक १ किलोव्होल्टला टेस्ट केलेले असतात. वरच्या मॉसफेटचा सोर्स ३ किलोव्होल्टवर बसलाय. आधी वरचाच का जातो, कळलं?

ऑप्टो काढून टाक. प्रत्येक मॉसफेटला एक फेराइट रिंग घे, तिच्यावर गेटचे सात-आठ वेढे. सगळ्या रिंगांमधून जाड सिलिकॉन इन्सुलेशनची एकच हाय व्होल्टेज वायर ओव. तोच प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरची इनपुट बाजू), एकच वेढा. करंट सगळ्यांत एकच, म्हणून वेळही एकच. ती वायर १५ व्होल्टच्या ड्रायव्हरनं हलत नाही, लूपचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) आडवा येतो. ३०० व्होल्टला चार्ज केलेला छोटा कपॅसिटर दुसऱ्या मॉसफेटनं तिच्यात रिकामा कर. गेट आणि सोर्समध्ये पाठीला पाठ लावून दोन झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणारे डायोड) टाकायला विसरू नकोस. गेटला १५ पुरतात की १८-२० लागतात, ते तुझ्या पार्टच्या डेटाशीटवर बघ.

मॉसफेट चारऐवजी सहा लाव. प्रत्येकी १००० व्होल्ट म्हणजे गळ्यापर्यंत पाणी. सहात ६६७ येतात.

आता वायरिंग. ४००० ला ६५ नं भाग, ६१ अँपिअर. वायरीच्या लूपला सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री धर. ४० सेंमीचा लूप असेल तर ४०० नॅनोहेन्री. ६१ अँपिअर ३० नॅनोसेकंदांत बंद झाले की ८०० व्होल्टचा काटा (क्षणभराची उसळी) स्विचवर येतो. रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची रुंद पट्टी आण. जाणारी आणि येणारी पट्टी एकमेकींवर ठेव, मध्ये मायलरच्या प्लास्टिक फिल्मचे दोन-तीन पदर. आणि मला एक सांग, चढण ३० च कशाला पाहिजे? १ मायक्रोसेकंदाच्या पल्सला १०० नॅनोसेकंद लागले म्हणून जंतू वाचणार हाय काय? तेवढं सोडलंस तर काटा अडीचशेवर येतो.

अजून एक, आणि हे आधी कर. स्विच खाली असल्यामुळं दोन पल्सच्या मधल्या वेळेत सेलच्या दोन्ही इलेक्ट्रोडवर ४ किलोव्होल्ट असतात. रस विजेला वाट देतो. त्याच रसाची नळी पंपाला आणि पंप तुझ्या हाताला. सेल अर्थच्या बाजूला घे, स्विच वर जाऊ दे. रिंगवाल्या ड्राइव्हला काही फरक पडत नाही.

निवृत्त_भौतिकी:
एवढा खटाटोप कशाला? स्पार्क गॅप (फटीत ठिणगी पडली की चालू होणारा स्विच) लावा. जर्मन अभियंता एर्विन मार्क्सने १९२४ मध्ये त्याच्याच जोरावर हाय व्होल्टेज पल्सचा जनरेटर उभा केला.

उद्यमनगर_पॅनल:
सर, गॅप चालू होतो, पण आपल्या हुकमानं बंद होत नाही. ह्याला १ मायक्रोसेकंदाचा चौकोनी पल्स पाहिजे. शिवाय सेकंदाला १०० म्हटल्यावर इलेक्ट्रोड झिजतात आणि वेळ मागं-पुढं व्हायला लागते.

अन्नतंत्र_ताई:
सर्किटमधलं मला कळत नाही, पण सेलकडे लक्ष द्या. एका पल्सला पाव ज्यूल जातो आणि फटीत रस जेमतेम ०.२ मिली मावतो. म्हणजे पल्समागे तापमान पाव ते एक तृतीयांश अंशाने वाढतं. रस वाहता नसेल तर शंभर पल्समध्येच पंचवीस-तीस अंश चढतील, मग जंतू विजेने मेले की उष्णतेने, हे परीक्षकांना कसं पटवणार? आणि रस गाळून, फेस बसू देऊन मगच भरा. बुडबुडा राहिला की आधी त्याच्यात ठिणगी पडते.

रसवाला_एमटेक:
ताई, आतापर्यंत रस स्थिरच ठेवत होतो, आता पंप जोडतो. काका, रिंगा कुठल्या घेऊ? आणि पल्सची वीज साठवायचा मुख्य कपॅसिटर किती?

उद्यमनगर_पॅनल:
जुन्या एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरसारख्या उपकरणांतल्या पॉवर सप्लायच्या) इनपुट फिल्टरमधल्या हिरव्या फेराइट रिंगा चालतात. पिवळ्या-पांढऱ्या नकोत, त्या लोखंडी भुकटीच्या असतात. सहाही एकाच मापाच्या घे.

पल्समध्ये ५ टक्के घसरण चालत असेल तर ०.३ मायक्रोफॅरड पुरे. त्यात अडीच ज्यूल साठतात, हात लावायचं काम नाही. ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) लावशील तेव्हा पाव वॅटचा साधा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतच चालतो हे धर आणि तेवढे मालिकेत लाव. सप्लायसाठी मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर कुणी सुचवला तर सरळ नाही म्हण, त्याच्या करंटनं माणूस मरतो.

पहिली ट्रायल रसावर नको. मिठाचं पाणी सेलमध्ये भर, ६५ ओहम येईपर्यंत मीठ कमी-जास्त कर, आणि ५०० व्होल्टपासून वर जा. प्रत्येक टप्प्याला सहाही मॉसफेटवरचं व्होल्टेज बघ. एकावर जरी बाकीच्यांपेक्षा जास्त दिसलं तर तिथंच थांब आणि फोटो इथं टाक.