‘सुगी’ म्हणजे हिवाळाच का?

आमचं गाव बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूला. आजीच्या तोंडी ‘हिवाळा’ हा शब्द मी कधीच ऐकला नाही. ती म्हणायची, “सुगीत येणार असशील तर जाड पांघरूण घिऊन ये, लई गारठा पडतोय.” शाळेच्या पुस्तकात हिवाळा होता, घरात पावसाळा, सुगी आणि उन्हाळा. कोशात सुगी म्हणजे पीक काढण्याचा हंगाम. वर्तमानपत्रांत ‘सुगीचे दिवस’ म्हणजे भरभराट. थंडीचं नाव कुठंच नाही. तुमच्याकडे हा शब्द ऋतूसाठी वापरत का?

वडगाव, बेळगाव
वापरत. इकडचं भात दिवाळीच्या सुमारास कापणीला येतं आणि बैलांनी मळणी व्हायची तेव्हा ती पौषापर्यंत लांबायची, म्हणजे ऐन थंडीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. खळ्यावर राखणीला निजणाऱ्याला पहाटे घोंगडं पुरत नसे. तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, चांदण्यात बैलांची पात फिरायची, बाजूला शेकोटी. वडील त्या दिवसांचं काही सांगू लागले की ‘थंडीत’ म्हणत नसत, ‘मळणी चालू होती तेव्हा’ म्हणत. भात निघालं की राहिलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. इतकं काम असताना त्या महिन्यांना कामाचंच नाव पडणार.

अथणी
आमचे कन्नड शेजारी ‘सुग्गी’ म्हणतात. शाळूचं कोवळं कणीस आगटीत भाजलं की आमचा हुरडा, त्यांची सीतनी. आमची वाकळ, म्हणजे गोधडी, ती त्यांची कौदी. थंडीला कन्नडमध्ये ‘चळी’, पण या भागातली कन्नड माणसं ‘थंडी’ही सहज म्हणतात. १९५६ साली राज्यांच्या सीमा ठरल्या, शब्दांची ये-जा त्याच्या कितीतरी आधीपासूनची. सुगी मुळात कुणाची यापेक्षा ती दोन्ही घरांत एकाच वेळी यायची, हे मला मोलाचं वाटतं.

बेळगाव
संक्रांतीची सुगडं याच शब्दावरून आली ना? सुगीचाच माल भरतात त्यांत.

खानापूर
नाही. सुगड म्हणजे सुघट, चांगला घट. गाजर, बोरं, हरभरा, ऊस भरतात म्हणून जोडावंसं वाटतं, पण शब्द वेगळा.

आमच्या जंगलपट्ट्यात दुसराच शब्द होता : हीव. तो ‘हिम’वरून आला. मराठीत येताना मधल्या ‘म’चा ‘व’ होतो, जसं ग्रामचं गाव, नामचं नाव. हिमकाल म्हणजे हिवाळा, तसा उष्णकाल म्हणजे उन्हाळा. म्हणजे ‘हिवाळा’ पुस्तकी शब्द नाही, चांगला जुना आहे. आमची आजी ‘हीव वाजतंय’ म्हणे तेव्हा ती थंडी असे, आणि ‘हीव भरलं’ म्हणे तेव्हा घरात सगळे गप्प होत, कारण तो ताप असे. हिवताप हा शब्द त्यातलाच. एकाच शब्दात गारठा आणि आजाराची धास्ती होती, म्हणून तो आमच्याकडे कुणी उगाच उच्चारत नसे.

निपाणी
आमच्याकडे थंडीचा शब्द दहिवर, म्हणजे दव. तंबाखूचं वाळलेलं पान उन्हात हाताळलं तर चुरा होतो. रात्री दहिवर पडून ते मऊ झालं की पहाटेच गोळा करायचं. त्यामुळे बाया अंधारात डोक्यावरून पदर गच्च घेऊन रानात जायच्या. ‘आज दहिवर पडलं नाही’ असं आई म्हणाली की त्या दिवसाचं काम अडलं, एवढं आम्हा पोरांना कळायचं.

येळ्ळूरच्या बाजूचा, पुन्हा
सगळ्यांचे आभार. आजी पौषात गेली. घरातली मोठी माणसं अजून ‘ती सुगीत गेली’ असंच सांगतात. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना त्या वर्षीचं पीक आठवतंय. ते मला तारीख सांगत होते.