टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढलं नाही

एकांनी विचारलंय की त्यांच्या आईंचा टीएसएच ९ आला, म्हणजे थायरॉईड वाढलंय, मग डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी कमी करायची सोडून वाढवली का? गोंधळ नावामुळे होतो. टीएसएच थायरॉईडचं संप्रेरक नाहीच. ते मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी सोडते. रक्तात टी४, टी३ ही थायरॉईडची खरी संप्रेरकं (गोळीत टी४च असतं) कमी पडली की ती गळ्यातल्या थायरॉईडला 'अजून बनव' म्हणून टीएसएच वाढवते. आकडा साधारण ०.४ ते ४ च्या वर गेला, म्हणजे ग्रंथी किंवा गोळी कमी पडतेय. त्यामुळे डोस वाढवणं बरोबरच आहे.

पण आधी गोळी कशी घेतली जाते ते बघा. पर्वती चढून आल्यावर अमृततुल्यच्या चहासोबत गोळी, हे चालत नाही. उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या आतड्यातच तिला धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवंच. बहुतेक घरांत चूक इथेच होते. बाटलीचं झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात विशेष. दमटपणाने औषध उतरतं.

आणि पंधरा दिवसांत पुन्हा तपासणीची घाई कृपया नको. टी४ रक्तात निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, पिट्युटरी त्याहून सावकाश जुळवून घेते. ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर निदान दोन दिवस आधी थांबवा, त्याने काही यंत्रांवर आकडे चुकतात.