शब्दचर्चा: 'अनटचेबल्स' आणि कर 'चुकवणे'

प्रश्न

अमेरिकेत दारूबंदी असताना शिकागोत चोरट्या दारूचा धंदा करणारा गुंड अल कपोन, त्याच्यावरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. दोन जागी गाडं अडलंय. कपोनच्या मागावर असलेला दारूबंदी अधिकारी एलियट नेस, त्याच्या पथकाला शिकागोच्या वर्तमानपत्रांनी 'अनटचेबल्स' म्हटलं. कोश उघडला की 'अस्पृश्य', आणि ते लिहायला हात धजत नाही. दुसरं म्हणजे मी लिहिलं होतं, 'कपोनने कर चुकता केला नाही.' भावाने वाचून विचारलं, 'म्हणजे चुकवला की नाही चुकवला?' आता माझाच गोंधळ झालाय.

उत्तर १

'अस्पृश्य' लिहूच नका. आपल्याकडे त्या शब्दामागे माणसांना पाणवठ्यावरून हाकलल्याचा इतिहास आहे. शिकागोतल्या त्या दहा-बारा जणांना हे नाव मिळालं ते कौतुकाने. कपोनच्या माणसांनी देऊ केलेली लाच त्यांनी परत केली, नेसने वार्ताहरांना बोलावून ती हकिकत सांगितली आणि नाव चिकटलं.

'निःस्पृह' सुचेल. ऐकायला 'अस्पृश्य'चा भाऊ वाटतो, पण नातं नाही. अस्पृश्य 'स्पृश्', म्हणजे शिवणे, या धातूपासून. निःस्पृह 'स्पृहा', म्हणजे हाव, या शब्दापासून. अर्थ जवळ येतो, पण मला हा शब्द नेसला द्यायला जिवावर येतं. निःस्पृह म्हटलं की डोळ्यांसमोर रामशास्त्री प्रभुणे. नेसला पैशाची हाव नव्हती हे खरं, प्रसिद्धीची मात्र भरपूर होती. ट्रकला पुढून लोखंडी धडक बसवून बिअरच्या कारखान्यांचे दरवाजे फोडायचे, आणि फोटोवाल्यांना आधी कळवायचं!

इंग्रजीत लाच माणसाला शिवते. मराठीत ती खातात, नाहीतर हात ओले करते. म्हणून आपल्या तोंडातला शब्द 'पैसे न खाणारे'. नाव 'अनटचेबल्स' असंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे पैसे न खाणारे' एवढं जोडा.

उत्तर २

दुसऱ्या शंकेबद्दल. 'चुकता करणे' म्हणजे देणं फेडून मोकळं होणे. वाण्याची उधारी आपण चुकती करतो. 'चुकवणे' म्हणजे हुलकावणी देणे: नजर चुकवतो, मार चुकवतो. थोडक्यात, कर चुकता करणारा भला आणि चुकवणारा आरोपी. त्यात हिंदीत 'कर चुकाया' म्हणजे चक्क भरला! हिंदी बातमीवरून मराठी करणाऱ्यांचे यात हमखास पाय घसरतात.

तुमचं वाक्य चूक नाही, पण मिळमिळीत आहे. नुसती थकबाकी राहिली असं वाटतं. कपोनच्या खटल्यात दोन प्रकारचे गुन्हे सिद्ध झाले: १९२५, १९२६ आणि १९२७ या वर्षांचा कर चुकवणे, आणि १९२८ व १९२९ची विवरणपत्रंच न भरणे. 'कर टाळणे' लिहू नका. कायद्यात बसवून कर कमी करणं म्हणजे टाळणं, लपवाछपवी करणं म्हणजे चुकवणं.

आणि लेखात नेसला फार जागा देऊ नका, ही आगाऊ सूचना. त्याच्या छाप्यांमुळे दारूबंदी मोडल्याचे पाच हजार गुन्हे जून १९३१ मध्ये आरोपपत्रात आले खरे, पण त्यांवर खटला उभाच राहिला नाही. कपोनला आत घातलं ते कोषागार खात्याच्या फ्रँक विल्सनने. १९२६ साली शिकागोजवळच्या सिसेरोतल्या कपोनच्या एका जुगारअड्ड्यावर छापा पडला होता. तिथून उचललेल्या खातेवह्या कपाटात धूळ खात पडल्या होत्या. त्यातल्या एका वहीत नफ्याची वाटणी होती. विल्सनने अक्षर जुळवत ती लिहिणारा कारकून लेस्ली शमवे शोधून काढला, आणि तो साक्षीला उभा राहिला. बंदुका एकीकडे, कीर्द-खतावणी एकीकडे.

उत्तर ३

जाता जाता: 'बूटलेगर'ला 'हातभट्टीवाला' करू नका. हातभट्टी म्हणजे चार पिंपं आणि नवसागर. कपोनचा माल मोठमोठ्या कारखान्यांतली बिअर. इंग्रजी शब्द लांब बुटात बाटली लपवण्यावरून आलाय. 'चोरटी दारू विकणारा' पुरे. दारूबंदीने आपल्यालाही एक शब्द दिलाय बरं का, 'परमिट रूम'.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: 'कपोनने कर बुडवला. त्याबद्दल २४ ऑक्टोबर १९३१ रोजी न्यायाधीश विल्करसन यांनी त्याला ११ वर्षांची कैद आणि ५० हजार डॉलर दंड ठोठावला.' 'बुडवला' चालेल ना? भावाला 'चुकवला' हवंय.

उत्तर २

चालेल. चुकवला म्हटलं की त्याची चलाखी दिसते, बुडवला म्हटलं की सरकारचं नुकसान. शिक्षेच्या वाक्यात मी 'चुकवला' घेईन, कारण कोर्टाने हेतू सिद्ध झाला असं धरलं. पण नुसतं 'कर' नको, 'आयकर' लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला दारूवरचा कर वाटेल, आणि बंदी असलेल्या मालावर कर कसला, असं तो विचारेल. कपोनच्या वकिलांचा धीरही तिथेच खचला असणार: बेकायदा धंद्यातल्या कमाईवरही आयकर लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्येच एका दारूविक्याच्या खटल्यात सांगून ठेवलं होतं. तो सलिव्हन खटला तुमच्या लेखात नसेल तर एक ओळ घाला.