मदत हवी आहे: मिरामारच्या वाळूत फोन म्हणतो उंची उणे ६७

पणजीकर_पायी: रविवारी आम्ही सहाजण वाघेरीच्या डोंगरावर निघतोय, म्हणून घाईत विचारतो. काल मिरामारला पाण्यापासून दहा पावलांवर उभं राहून उंचीचं अ‍ॅप लावलं. माझ्या फोनवर उणे ६७ मीटर, मैत्रिणीच्या फोनवर ५८. सव्वाशे मीटरचा फरक! धुक्यात वळणाची जागा उंचीवरून ओळखायची आणि हवेचा दाब उतरला की मागे फिरायचं, असं ठरलंय. कुठलं अ‍ॅप बरोबर? फक्त नाव सांगा.

सत्तरीचा: फोन कुठले? अ‍ॅप जीपीएसवर चालतं की दाबावर? काहीच लिहिलं नाहीत तर नाव कशावरून सांगू? आणि वनखात्याकडे चौकशी केलीत का?

रानवाटा: पावसात तिथे जळवा फार. मिठाची पुरचुंडी काठीला बांधा, मोजे पँटवर ओढा.

दवबिंदू: मीठ नको. जळू सुटताना ओकते आणि जखम चिघळते. नखाने सरकवून काढा.

रानवाटा: वीस वर्षं मीठच वापरतोय, एकदाही चिघळली नाही.

पणजीकर_पायी: जळवांचं बघतो, आधी उंचीचं सांगा. दोन्ही फोन अँड्रॉइड. माझा स्वस्तातला, तिचा महाग. अ‍ॅप वेगवेगळी आहेत.

नकाशावाला: मग दोघांपैकी कुणाचाच फोन बिघडलेला नाही. तुमच्या फोनमध्ये दाबमापक नसावा, म्हणून आकडा जीपीएसचा. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, आणि आपल्याकडे समुद्राची पातळी त्या आकाराच्या साठ मीटरहून खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभराहून खाली. ही दुरुस्ती न करणारं अ‍ॅप किनाऱ्यावर उणेच दाखवणार. मैत्रिणीचं अ‍ॅप दाबावर चालत असणार. ते समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ मिलिबार धरून चालतं. पावसाळ्यात आपल्याकडे तो १००६ च्या आसपास असतो आणि दर मिलिबारला साधारण ८ मीटर, म्हणजे तेच तुमचे ५८. खात्री करायची तर तिचा फोन घेऊन एक मजला चढा. तीनेक मीटर वाढले तर दाबमापक आहे.

सत्तरीचा: दाबमापकावर भिस्त नको. हवा बदलली की उंचीही बदलते. जीपीएसच बरं, फक्त समुद्रसपाटीची दुरुस्ती करणारं अ‍ॅप घ्या.

नकाशावाला: दाट झाडीत जीपीएसची उंची तीस-तीस मीटर उड्या मारते, हे तुम्हीच मागे लिहिलं होतं. पायथ्याला नकाशातली उंची दाबाच्या अ‍ॅपमध्ये भरायची आणि वाटेत ओळखीची खूण लागली की पुन्हा भरायची. फोन घट्ट बंद पाऊचमध्ये पट्ट्याखाली दाबून ठेवू नका, आतली हवा दाबली जाते आणि उंची कमी दिसते.

जुना_खलाशी: हवामानाबद्दल कोणीच बोललं नाही. बाबा रे, आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारला खाली. तीनेक मिलिबारचा फरक, म्हणजे बसल्या जागी पंचवीस मीटर. दुपारच्या उताराला घाबरून परत फिरू नका. कालच्या त्याच वेळेच्या, त्याच जागेच्या आकड्याशी ताडून बघा. जहाजावर आम्ही ही रोजची चढउतार वजा करायचो. मग त्या महिन्याच्या सरासरीहून ३ खाली गेला की सावध, ५ खाली म्हणजे चक्रीवादळ जवळ आहे असंच धरायचो. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा रात्रभर आकडा बघत बसलो होतो. पण डोंगरावरच्या विजेच्या पावसाची खबर दाबमापक वेळेत देत नाही. त्यासाठी दामिनी अ‍ॅप आणि पणजीच्या रडारचं चित्र.

रानवाटा: वरती रेंज नसते, काका. दामिनी चालणार कशी?

जुना_खलाशी: म्हणून पायथ्यालाच बघायचं. वर गडगडाट ऐकू आला की माथा सोडायचा.

पणजीकर_पायी: जिना चढलो. तिचा फोन ३ ने वाढला, माझा जागचा हलला नाही. उंचीसाठी तिचाच फोन नेतो. काका, तिच्या फोनवर घरी काल दुपारी चारला १००५.८ होता, आज चारला १००५.४. निघू ना?

जुना_खलाशी: एवढ्या फरकाने काही होत नाही. रविवारी सकाळी परत बघ.

सत्तरीचा: ओढ्याला पाणी किती चढलंय ते दोन्ही फोन सांगणार नाहीत. आधी गावात विचारा. सोबत वाट माहीत असलेला कोणी आहे का?